जुने शिवणयंत्र भंगारात घालण्यापूर्वी

वाचकहो, आपल्या घराच्या माळ्यावर, जिन्याखाली अथवा आजोळच्या ओसरीच्या कोपऱ्यात घुमटाकार लाकडी झाकणाखाली एखादे काळे शिवणयंत्र पडून आहे काय? असल्यास हा लेख आपल्याचसाठी आहे. अशा यंत्राचे भवितव्य बहुधा दोनच प्रकारचे ठरलेले असते. एक तर त्यावर फुलदाणी ठेवून ते दिवाणखान्यात शोभेसाठी मांडले जाते, किंवा दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या तराजूत चढते. तिसराही एक मार्ग आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा पुष्कळ सोपा आहे. ते यंत्र पुन्हा शिवू लागू शकते.

असे ठामपणे म्हणण्यास आधार आहे. जुन्या शिवणयंत्राचा सांगाडा बिडाचा आणि आतील दांडे व चाके पोलादाची असतात. त्यात प्लॅस्टिकचे दाते नाहीत, की जळून जाणारे विजेचे सूक्ष्म भाग नाहीत. वापराने त्याची झीज होते, परंतु ती फार सावकाश. दहा-वीस वर्षे पडून राहिलेले यंत्र जेव्हा हलत नाही, तेव्हा ते मोडलेले असते असा आपला समज होतो. वस्तुतः शंभरातील बहुतेक यंत्रे मोडलेली नसतात, आखडलेली असतात. त्यांच्या सांध्यांत जुने तेल सुकून लाखेसारखे घट्ट झालेले असते, एवढेच.

शिवणयंत्राचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. तथापि त्यातील दोन-तीन गोष्टी जाणून घेण्यासारख्या आहेत. फ्रान्समधील बार्तेलेमी तिमोनिए ह्या गरीब शिंप्याने १८३० साली आपल्या लाकडी यंत्राचा हक्क नोंदविला. पॅरिसच्या कारखान्यात त्याची सुमारे ऐंशी यंत्रे सैनिकांचे गणवेश शिवू लागली, तेव्हा आपल्या पोटावर पाय येणार ह्या भीतीने इतर शिंप्यांच्या जमावाने १८३१ मध्ये कारखान्यात घुसून ती फोडून टाकली. तिमोनिए पुढे दारिद्र्यातच वारला. अमेरिकेत इलायस हाऊ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक मेरिट सिंगर याने १८५१ मध्ये आपापल्या यंत्रांचे हक्क मिळविले. ह्या दोघांत कोर्टबाजीही पुष्कळ झाली. मात्र यंत्र घरोघर पोचले ते केवळ शोधामुळे नव्हे. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने ते हप्त्यांवर विकण्याची पद्धत पाडली म्हणून. आपल्या देशात सिंगरची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, आणि त्यांचा प्रसार करण्यात नसरवानजी मेरवानजी पटेल ह्या पारशी गृहस्थांचा मोठा हात होता. यंत्रयुगाचे कठोर टीकाकार असलेल्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली रामचंद्रन् ह्या विद्यार्थ्याशी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या टीकेतून सूट दिली होती. पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने हे यंत्र बनविले, असे ते समजत होते. इतिहासातील सिंगरसाहेबांचा संसार पाहता ही कथा भाबडी वाटते, परंतु यंत्राविषयीचा गांधीजींचा अभिप्राय काही त्यामुळे खोटा ठरत नाही.

आता आपल्या समोरचे यंत्र कोणते आहे ते पाहू. सिंगरचे असल्यास हातचाकाच्या बाजूला, खालच्या सपाट पाटावर, एक क्रमांक उठविलेला आढळेल. क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर नसेल तर यंत्र बहुधा १९०० पूर्वीचे समजावे. ‘एफ’ किंवा ‘वाय’ हे अक्षर असेल तर ते स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तयार झालेले आहे. आपल्याकडील जुनी सिंगर यंत्रे मुख्यतः तेथूनच येत. तो कारखाना १९८० साली बंद झाला. गावातील एका रेल्वे स्थानकाचे नाव मात्र अद्याप ‘सिंगर’ असेच आहे. अंगावर सोनेरी स्फिंक्सचे चित्र असेल आणि खाली होडीच्या आकाराचे शटल पुढे-मागे झुलत असेल, तर ते जुन्या घराण्यातील यंत्र होय. त्याची बॉबिन गोल चकतीसारखी नसून लांबट काडीसारखी असते. ‘उषा’चे काळे यंत्र असेल तर ते १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने सुरू केलेल्या परंपरेतील आहे. ‘उषा’चे हे नेहमीचे काळे यंत्र आणि सिंगरचे ‘पंधरा नंबर’ ह्या वर्गातील यंत्र यांची ठेवण बरीचशी सारखी असल्याने सुई, बॉबिन, बॉबिन केस असे भाग आजही कोणत्याही शहरात मिळतात. लुधियाना येथे ह्या यंत्रांचे व त्यांच्या सुट्या भागांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होते.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी टीप कशी पडते हे समजून घेतले पाहिजे. हे समजले की निम्मे काम झाले असे आमचे मत आहे. कारण मग बिघाडाचा माग आपल्याला आपणच काढता येतो. सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली जाते. तळाला पोचून ती वर येऊ लागते त्या क्षणी दोऱ्याला किंचित ढिलाई मिळते आणि सुईच्या मागे त्याचा लहानसा फासा उभा राहतो. नेमक्या त्याच वेळी खालच्या हुकाचे अथवा शटलचे टोक तेथे पोचते, तो फासा उचलते आणि बॉबिनच्या भोवती फिरवून आणते. म्हणजे खालचा दोरा वरच्या दोऱ्याच्या फाशातून पार होतो. मग समोरचा लोखंडी आकडा वरचा दोरा वर ओढून घेतो, गाठ कापडाच्या दोन थरांच्या मध्यावर येऊन बसते, आणि खालचे दाते कापड एक टाकाभर पुढे सरकवतात. हे सारे एका टाक्यात घडते. हात न लावता हा खेळ पाहावयाचा असेल तर शटलवरची सरकती पट्टी उघडावी आणि चाक अगदी हळू फिरवावे. आमच्या परिचयातील एका प्राध्यापकांनी साठाव्या वर्षी हे प्रथम पाहिले, आणि पुढचा अर्धा तास ते चाकच फिरवीत बसले होते.

चाक नेहमी आपल्याकडे फिरले पाहिजे, हे येथेच सांगून ठेवतो. वरचा भाग आपल्या दिशेने यावा. उलट फिरल्यास दोरा गुरफटतो, आणि नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी त्यातूनच निघतात.

यंत्र हलत नसेल तर जोर लावू नये. चाकाला दोन्ही हातांनी हिसका देणे, हातोडीने ठोकणे, चाकाच्या आऱ्यांत काठी घालून फिरविणे हे प्रकार आम्ही पाहिले आहेत. बीड टणक असते तसेच ठिसूळही असते. एकदा तडकले की सांधणे कठीण. आधी पट्टा काढावा, सुई काढून ठेवावी, म्हणजे बोटांना इजा होणार नाही. मग हातचाकाच्या मध्यावरील मोठा पेच सैल करावा. बॉबिन भरताना सुई थांबविण्यासाठी जो सैल करतात तोच हा पेच. तो सैल केल्यावर चाक मोकळे फिरू लागले तर अडचण पुढे यंत्राच्या आत आहे. चाकच दांड्यावर चिकटून बसले असेल तर तेल तेथे सुकलेले आहे. आत अडचण असेल तर सर्वांआधी बॉबिनचे घर पाहावे. बॉबिन केस बाहेर काढून चिमट्याने तेथील दोऱ्याचे तुकडे वेचावेत. हुकाच्या खोबणीत अडकलेला वीतभर दोरा अख्खे यंत्र थांबवू शकतो. असे यंत्र ‘जाम झाले’ म्हणून फुकटात देऊन टाकल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

दोरा नसेल तर मग तेलाचाच प्रश्न उरतो. येथे थोडे थांबून सांगावेसे वाटते. आपल्या घरांतून यंत्राला खोबरेल, गोडेतेल, क्वचित एरंडेलही घालण्याची चाल होती व आहे. ‘तेल ते तेल’ अशी समजूत त्यामागे असते. परंतु खाण्याची तेले हवेत हळूहळू घट्ट व चिकट होतात. गोडेतेलाची जुनी बाटली बाहेरून कशी चिकट होते ते प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. तीच गत यंत्राच्या सांध्यांत होते. त्यातच कापडाची बारीक वस मिसळली म्हणजे डिंक आणि कापूस यांचा लेप तयार होतो. यंत्रासाठी पाण्यासारखे पातळ, खनिज तेलापासून केलेले शिवणयंत्राचेच तेल वापरावे. लहान बाटली अगदी थोड्या पैशांत मिळते.

सुकलेले तेल विरघळविण्यासाठी आपले जुने कारागीर रॉकेल वापरीत, आणि ते योग्यच आहे. आता रॉकेल सर्वत्र सहज मिळत नाही. ते न मिळाल्यास शिवणयंत्राचेच तेल सढळ हाताने वापरून अधिक दिवस वाट पाहावी. काम तेच होते, वेळ मात्र जास्त लागतो. केस वाळविण्याच्या विजेच्या यंत्राची गरम हवा आखडलेल्या सांध्यावर काही मिनिटे सोडली तर चिकटा मऊ होतो. परंतु रॉकेल लावलेल्या यंत्रावर हा प्रयोग मुळीच करू नये. रॉकेलचे काम दारे-खिडक्या उघडून, चुलीपासून, दिव्यापासून व उदबत्तीपासून दूर करावे, आणि भिजलेल्या चिंध्या घरात साठवू नयेत. जेथे जेथे धातूवर धातू घासतो अशा प्रत्येक सांध्यात, वरच्या प्रत्येक छिद्रात आणि यंत्र मागे उलथून खालच्या बाजूसही थेंब थेंब सोडावेत. डाव्या टोकाची पत्री उघडल्यास सुईचा दांडा व दाबाचा दांडा दिसतो, तेथेही सोडावेत. मग चाक मागे-पुढे केसभर हलवून पाहावे. आज केसभर, उद्या बोटभर. रात्रभर तसेच राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अर्धा फेरा मिळू लागला की घाईने पूर्ण फेऱ्याचा हट्ट धरू नये.

इंदूरला आमच्या आजीची धाकटी बहीण राहते. तिला सारे माई म्हणतात. १९७१ साली तिचे यजमान वारले तेव्हा दोन मुले लहान होती. तिने एक जुने सिंगर पायमशीन विकत घेतले आणि पुढे तीसपस्तीस वर्षे शाळेचे गणवेश, परकर, झबली व उशांचे अभ्रे शिवून घर चालविले. मोतीबिंदूनंतर दृष्टी मंदावली तसे यंत्र बाजूला पडले, आणि मध्यंतरी कोणा शेजारणीने नेऊन, काम झाल्यावर परत करताना त्यात उपकाराची फेड म्हणून खोबरेल ओतून ठेवले. त्यानंतर ते बारा वर्षे हलले नाही. अलीकडे तिच्या नातसुनेची खाजगी शाळेतील नोकरी सुटली. घरी बसून काही शिवावे असे तिच्या मनात आले, पण नवे यंत्र घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते. बाजारातील एका दुरुस्तीवाल्याने जुने यंत्र पाहून ‘ह्याचे भाग मिळत नाहीत, लोखंडाच्या भावाने देऊन टाका’ असा सल्ला दिला, आणि लगोलग स्वतःच ते घेण्याची तयारीही दाखविली.

“माई, देऊन टाकू का?” नातसुनेने विचारले.

“अगं, ते मेलं नाहीये, रुसलंय,” माई म्हणाली. “तेल पाज त्याला, आणि घाई करू नकोस.”

आम्ही त्या वेळी सुटीत तेथे होतो, म्हणून हे काम पाहावयास मिळाले. पहिले चार दिवस काहीच झाले नाही. पाचव्या दिवशी चाक सुमारे दोन बोटे हलले. माईला नीट दिसत नव्हते, म्हणून ती शेजारी बसून कानाने ऐके आणि बोटाने चाचपे. कोणत्या सांध्यात कुरकुर आहे हे ती चाचपून सांगे आणि नातसून तेथे थेंब सोडी. मागच्या बाजूला एका झाकणाआड असलेले तेलाचे छिद्र आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटले होते. ते माईने बोटाने शोधून दाखविले. नवव्या दिवशी यंत्राने पूर्ण फेरा घेतला. दाखविलेल्या भीतीप्रमाणे न मिळणारा एकही भाग लागला नाही. चामड्याचा नवा पट्टा, सुयांचे एक पाकीट, बॉबिन भरण्याच्या चाकाचे रबरी कडे आणि तेल, एवढीच खरेदी झाली. नातसुनेला पहिले काम मिळाले ते एका किराणा दुकानदाराच्या कापडी पिशव्यांचे. पिशवी शिवणे म्हणजे सरळ टिपेचे काम. जुन्या यंत्राला सरळ टीपच येते, आणि ती मात्र फार सुरेख येते. पहिल्या पिशवीची टीप माईने नखाने चाचपून पाहिली आणि “ताण जरा कमी कर” एवढेच म्हणाली.

रॉकेल हे स्वच्छतेसाठी आहे, वंगणासाठी नव्हे, हे मात्र विसरू नये. यंत्र मोकळे झाले की प्रत्येक सांधा कोरड्या चिंधीने पुसावा, जुने तपकिरी पाणी निघेनासे होईपर्यंत पुसावा, आणि मग ताजे तेल घालावे. रॉकेल तसेच राहिले तर भाग कोरडे घासतात व गंजही धरतो. सुईखालची पाटी दोन स्क्रू काढून उचलावी. दात्यांच्या मध्ये बहुधा नमद्यासारखी घट्ट झालेली वस सापडेल. ती सुईने किंवा दात कोरण्याच्या काडीने खरवडून काढावी. कापड पुढे न सरकण्याचे अर्ध्याहून अधिक वेळा हेच कारण असते. स्क्रू काढताना त्याच्या खाचेत नेमका बसणारा स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. लहान घेतल्यास खाच चुरते आणि मग तो स्क्रू कोणाच्या बापाला निघत नाही. न निघणाऱ्या स्क्रूला तेलाचा थेंब देऊन दोन दिवस विसरून जावे. काढलेले स्क्रू एका थाळीत काढलेल्या क्रमाने मांडावेत, आणि घरात मुले असतील तर थाळी उंचावर ठेवावी.

हातचाकाचा मधला पेच पूर्ण काढावयाचा झाल्यास आधी त्यातील लहान स्क्रू सैल करावा लागतो. पेचाखाली तीन कानांची एक चकती असते. ती कशी बसली होती हे नीट पाहून ठेवावे. अर्ध्या फेऱ्याने उलटी बसली तर पेच आवळूनही चाक नुसतेच फिरते, किंवा सैल करूनही सुई थांबत नाही, आणि माणूस उगाच यंत्राला दोष देत बसतो.

पायमशीन असेल तर खालच्या लोखंडी सांगाड्यालाही तेल हवे असते, आणि ते घालण्याचे कोणाच्याच ध्यानात येत नाही. पायपट्टीची दोन टोके, मोठ्या चाकाचा आस आणि त्या दोहोंना जोडणारा दांडा येथे तेल घातल्यावर पायाला पडणारा फरक पहिल्याच दिवशी कळतो. पट्टा घसरत असेल तर बोटाच्या पेराइतका तुकडा कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडावा. तो फार ताणून मात्र बसवू नये, पाय जड होतो. पाय चालविण्याचा सराव दोरा न ओवता कागदावर करावा. वहीच्या ओळींवरून सुई चालविता आली म्हणजे हात बसला.

आता सुई. जुन्या यंत्राची निम्मी दुखणी नव्या सुईने बरी होतात. वाकडी किंवा बोथट सुई टाके चुकवते, दोरा तोडते. घरगुती यंत्राच्या सुईच्या माथ्याला एक बाजू सपाट असते. बाजारात ती ‘एच.ए. × १’ ह्या खुणेने मिळते. कारखान्यातील यंत्राची ‘डी.बी. × १’ सुई गोल माथ्याची असते, ती येथे चालत नाही. मलमलीसारख्या तलम कापडाला अकरा नंबर, नेहमीच्या सुती कापडाला चौदा, जाड कापडाला सोळा वा अठरा. सुई कोणत्या अंगाने बसवावी ह्याविषयी घरोघर वाद होतात, कारण सर्व यंत्रांत ती एकाच बाजूने बसत नाही. नियम एवढाच की सुईच्या अंगावर एका बाजूला लांब खोबण असते. दोरा ज्या बाजूने ओवावयाचा त्या बाजूला ती खोबण यावी, आणि सपाट बाजू हुकाकडे असावी. सुई वरपर्यंत टेकली आहे ना, हेही पाहावे. फार जुन्या काही यंत्रांना मात्र वेगळ्याच, गोल माथ्याच्या सुया लागत आणि त्या आता सहजी मिळत नाहीत. यंत्र विकत घेण्याचा विचार असेल तर पैसे मोजण्यापूर्वी सुई तपासावी.

ताणाविषयी बोलू. कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता झाला की सर्वजण बॉबिनला दोष देतात, आणि तो जवळजवळ नेहमीच अन्यायाचा असतो. खाली गुंता होतो तो वरचा दोरा सैल असल्यामुळे. दोरा ताणाच्या दोन चकत्यांच्या मधून गेलेला नसतो, किंवा चकत्यांत वस साचलेली असते. कापडावर दाब देणारा पाय खाली असताना चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात. म्हणून दोरा नेहमी पाय वर उचलूनच ओवावा. चकत्यांमधून जाड सुती दोरा दोनतीनदा ओढून काढला म्हणजे मळ निघतो. उलट, वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसू लागले तर वरचा ताण जास्त झालेला आहे. बॉबिनचा ताण पाहण्याची शिंप्यांची रीत सोपी आहे. भरलेली बॉबिन केस दोऱ्याच्या टोकाने हवेत लटकवावी. ती स्वतःच्या वजनाने खाली घसरू नये, पण हाताला हलका झटका दिल्यास थोडीशी उतरावी. त्यावरील लहान स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमीच फिरवावा. ही परीक्षा वर एका रंगाचा आणि खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घालून, कापडाचे दोन थर घेऊन करावी. दोष कोणत्या बाजूचा ते लगेच दिसते.

ह्यापुढे काही कामे जाणत्या मिस्त्रीवर सोपवावीत असे आम्ही सुचवू. सुई आणि हूक यांची गाठ पडण्याची वेळ बिघडली असेल, म्हणजे सारे बरोबर असूनही टाकाच पडत नसेल, तर सुईचा दांडा किंवा हूक धरणारे स्क्रू घरी सैल करू नयेत. तेथे अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने काम बिघडते. तसेच जुनी मोटर जोडलेली असेल तर तिच्या तारांवरचे रबर वाळून भेगाळलेले असते. वीजतंत्रीकडून तार बदलून घेतल्यावाचून ती चालू करू नये. पायाने चालविणे त्याहून बरे. बिडाच्या पाटाला तडा गेला असेल, अथवा पाण्यात बुडून आतील दांडे गंजाने खाल्ले असतील, तर अशा यंत्रावर पैसे घालू नयेत. त्याचे धड भाग काढून ठेवावेत.

यंत्राच्या रूपाची काळजी घ्यावयाची असेल तर एक गोष्ट अवश्य पाळावी. काळ्या रोगणावर आणि सोनेरी वेलबुट्टीवर लाखेचा पातळ थर असतो. स्पिरिट लावल्यास तो विरघळतो आणि त्याबरोबर वेलबुट्टीही जाते. साबणाचे पाणी व घासणी यांनीही नक्षीचा नाश होतो. शिवणयंत्राच्या तेलात बुडविलेल्या मऊ फडक्याने पुसावे, हे पुरे. गंज काढण्यासाठी पोलादी घासणी लागलीच तर ती केवळ उघड्या, चकाकणाऱ्या भागांवर तेल लावून फिरवावी. आणि जुन्या सिंगर यंत्रात कसलासा मौल्यवान ‘लाल पारा’ असतो अशी आवई कानावर आल्यास तिकडे दुर्लक्ष करावे. २००९ मध्ये सौदी अरेबियात ह्याच अफवेने लोकांनी जुन्या यंत्रांना वेड्यासारख्या किमती मोजल्या होत्या. यंत्रात पारा नसतो.

शिवणकामास आज मान्यता नाही असे नाही. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत ज्या अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश करण्यात आला, त्यांत शिंपीकामही आहे. परंतु ज्या घरी यंत्र आधीच आहे, तेथे पहिली गुंतवणूक तेलाच्या बाटलीची असावी. दिवसभर शिवणाऱ्याने रोज, आणि घरापुरते शिवणाऱ्याने आठवड्यातून एकदा प्रत्येक छिद्रात एकेक थेंब सोडावा, ओतू नये. काम संपल्यावर बॉबिनच्या घरातील वस ब्रशाने झाडावी, दाबाच्या पायाखाली कापडाचा तुकडा ठेवून पाय खाली सोडावा आणि वर झाकण घालावे. नव्याने तेल घातलेल्या यंत्रावर पहिल्या दिवशी पांढरे कापड मात्र घेऊ नये. कितीही पुसले तरी सुईच्या दांड्यावरून एखादा काळपट थेंब ओघळतोच. तेव्हा जुन्या चादरीच्या तुकड्यावर पाचदहा मिनिटे टीप मारून घ्यावी, सुई पुसावी, आणि मगच चांगले कापड हाती घ्यावे.